मुंबईतल्या घरात शूटिंग आणि सिंक साउंड: रेकीपासून कार्ड रिकामं करेपर्यंत

कमी पैशांत केलेल्या लघुपटांचं चित्र हल्ली सहसा बिघडत नाही. कॅमेरे चांगले आहेत, थोडं इकडेतिकडे झालं तरी कलर करताना सावरता येतं. फसतो तो आवाज, म्हणजे सिंक साउंड: शूटिंगच्या वेळीच चित्राबरोबर घेतलेला नटांचा खरा आवाज. आणि तो शूटिंगच्या दिवशी नाही, त्याच्या दहा-पंधरा दिवस आधी फसलेला असतो, ज्या दुपारी आपण घर पसंत केलं त्या दुपारी.

माझंच सांगतो. गिरगावातल्या एका चाळीत दोन बहिणींचा सकाळचा सीन होता. घर बघायला आम्ही रविवारी दुपारी तीनला गेलो. जेवणं आटोपून अख्खी चाळ आडवी झालेली. खिडकीतून येणारा उजेड सुरेख होता, कॅमेरामन खूश, मी खूश. शूटिंग मंगळवारी सकाळी साडेसहाला लावलं. दुसरा टेक चालू असताना नळाला पाणी आलं. पाच मिनिटांत मजल्यावरच्या सगळ्या बादल्या, पिंपं आणि कळश्या एकदम भरायला लागल्या, पाठोपाठ शेजारच्या मोरीत धुणं आपटायला सुरुवात झाली. पाणी कुणाला थांबवायला सांगणार? दिवसाचं पाणी तेवढंच. धाकट्या बहिणीच्या चार ओळी पुढे डब कराव्या लागल्या, आणि मला आजही त्या तिच्या तोंडून आल्यासारख्या वाटत नाहीत.

खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळला तर पुढे तो भरून काढता येत नाही.

१. रेकी: डोळ्यांआधी कान

रेकी म्हणजे शूटिंगआधी जागा बघून येणं. घर बघायला शूटिंगच्याच वाराला आणि शूटिंगच्याच वेळेला जा. सकाळचा सीन असेल तर सकाळी जा, सुट्टीचा दिवस टाळा. सगळ्यांना गप्प करून वीस मिनिटं नुसतं बसा. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि हातात वही घ्या. कोणता आवाज किती वाजता आला, किती वेळ टिकला, ते लिहा. पंप, लिफ्टचं दार, कुकरच्या शिट्ट्या, शाळेची घंटा, आरती, अजान, कचऱ्याची गाडी, भंगारवाला, समोरच्या रिडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग. मार्च ते मे कोकिळाही यात धरा. सिनेमात ती गोड वाटते, पण चौथ्या टेकला ती सूर चढवत असते आणि पाचव्याला गप्प असते, त्यामुळे दोन टेक एकमेकांना जोडता येत नाहीत.

वही भरली की आवाजांचे दोन गट पाडा: सलग चालणारे आणि मध्येच येणारे. लोकांची चूक इथेच होते. सगळ्यांना मोठ्या आवाजाची भीती वाटते. खरं तर दूरच्या रस्त्याची एकसारखी घरघर त्यामानाने निरुपद्रवी असते, ती सगळ्या शॉट्सखाली सारखीच असते आणि कानाला तिची सवय होते. मारक असतो तो बदलणारा आवाज. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात रिक्षा आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात नाही, अशा ठिकाणी एडिटरने कट मारला की प्रेक्षकाला तो कट ऐकू येतो.

विमानांचं गणित वेगळंच. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. एरवी विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरतात आणि जुहूच्या समुद्रावरून उडतात. उतरण्याच्या वाटेखालच्या घरात गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांनी एक विमान डोक्यावरून जातं. तिथे पाच मिनिटांचा एकसलग संवाद शूट करायचा हट्ट धरू नका. सीन लहान तुकड्यांत मोडून लिहा, नाहीतर घर बदला.

लोकलच्या रुळांजवळ घर असेल तर पूर्ण शांतता मिळते ती साधारण रात्री दीड ते पहाटे चारच्या मधल्या थोड्या वेळात, आणि त्या वेळेला दिवसाचा सीन होत नाही. रविवारच्या मेगाब्लॉकवर काही जण भिस्त ठेवतात. त्यात एक मेख आहे. फास्ट मार्गावर ब्लॉक असला की त्या गाड्या स्लो मार्गावर वळवतात. तुमची खिडकी स्लो मार्गाच्या बाजूला असेल तर गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो. ब्लॉक आहे एवढ्यावर थांबू नका, कोणत्या मार्गावर आहे तेही वाचा.

कॅलेंडरही बघा. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव चालतो, मग नवरात्र. लाउडस्पीकरवर रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. सणासुदीला त्यातून काही दिवसांची सूट मिळते, त्यामुळे शूटिंगची तारीख त्या दिवसांवर येत नाही ना हे पाहून घ्या.

तपासा: खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. मागून "टर्रर" असा थरथरता शेपटा ऐकू आला तर समोरासमोरच्या मोकळ्या भिंती आणि खालच्या लाद्या आवाज परतवतायत. खोली वापरता येईल, पण गोधड्या लागतील.

तपासा: फ्रीजचा प्लग कुठे आहे, पंप कोण सुरू करतं आणि पाणी किती वाजता येतं. या तीन उत्तरांशिवाय घरमालकाला टोकन देऊ नका.

२. सामान आणि सेटिंग

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग माइक, मग रेकॉर्डर. बूम (लांब दांड्याला लावलेला माइक) धरायला "कुणीतरी मित्र" उभा केला की दुपारी दोननंतर त्याचे हात खाली यायला लागतात आणि त्याबरोबर आवाजही लांब जातो. एक दिवस का होईना, हे काम येणारा माणूस घ्या.

दोन पात्रांच्या घरगुती सीनला एक बूम माइक, दोन कॉर्डलेस लेपल (कपड्यांवर लावायचे छोटे माइक), रेकॉर्डर आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन पुरतात. छोट्या खोलीत लांब नळीचा शॉटगन माइक नको. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजात तो बोलणं पोकळ करून ठेवतो. आखूड हायपरकार्डिऑइड माइक (समोरचा आवाज जास्त आणि बाजूचा कमी घेणारा) मागा. सामान भाड्याने घेताना दुकानातच सगळी केबल जोडून, हेडफोन लावून, प्रत्येक केबल दोन्ही टोकांना हलवून बघा. "सर, सगळं चेक केलंय" हे प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं.

रेकॉर्डरची सेटिंग आदल्या रात्री करा, सेटवर नाही:

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ऑटो गेन (लेव्हल आपोआप कमीजास्त करणारी सोय) बंद. तो चालू राहिला तर पात्र गप्प झाल्याबरोबर रेकॉर्डर खोलीची घरघर वर ओढतो आणि बोलायला लागलं की खाली ढकलतो. लिमिटर (अचानक मोठा झालेला आवाज दाबून धरणारी सोय) चालू. लो कट ८० हर्ट्झला, म्हणजे गाड्यांचा घुमारा आणि दांड्याला लागलेले धक्के थोडे कमी होतात. माइकला फँटम पॉवर (रेकॉर्डरकडून केबलमधून मिळणारी वीज) लागत असेल तर ४८ व्होल्ट चालू केलंय का ते बघा.

कॅमेरामनकडून फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) लिहून घ्या. २४ आणि २३.९७६ हे बोलताना दोघंही "चोवीस"च म्हणतात. एका वेगाने शूट केलेलं चित्र दुसऱ्या वेगाने चालवलं तर दहा मिनिटांच्या शॉटला आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त सरकतो. मोबाइलवर शूट करणार असाल तर ठरलेल्या फ्रेम रेटवर स्थिर राहणारं अ‍ॅप वापरा. फोनचा नेहमीचा कॅमेरा वेग मागेपुढे करतो, मग सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी सुटतो.

सावध: ३२ बिट फ्लोटचा (लेव्हल चुकली तरी नंतर सावरू देणारा) रेकॉर्डर मिळाला म्हणजे लेव्हलची चिंता संपली असं समजू नका. माइकमध्ये किंवा कॉर्डलेसच्या ट्रान्समीटरमध्ये फाटलेला आवाज रेकॉर्डरला शिवता येत नाही, आणि लांबून घेतलेला आवाज कोणत्याही बिटमध्ये लांबचाच राहतो.

३. खोली तयार करणं: लाइट लागायच्या आधी

लाइट आणि कॅमेरा लागल्यावर साउंडवाला आत शिरला तर त्याला जागाच उरत नाही. त्याला एक तास आधी आत घ्या आणि कामं याच ओळीने करा.

सगळ्यात आधी फ्रीज बंद. बंद करणाऱ्याने स्वतःच्या गाडीची किंवा घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. गंमत नाही ही. पॅक-अपच्या धांदलीत फ्रीज परत चालू करायचं विसरतंच, आणि घरमालकिणीचं आठवड्याचं दूध-मासे नासले की त्या इमारतीत पुन्हा कुणाला शूटिंग करू देत नाहीत. किल्लीशिवाय कुणी घरी जात नाही.

मग भिंतीवरचं घड्याळ, माशांच्या टाकीचा पंप, जुन्या ट्यूबलाइटचा चोक. पंखा आणि एसी टेकपुरते बंद आणि "कट" झाल्याझाल्या चालू. मे महिन्यात कलाकारांवर एवढी तरी दया करा. बटणाजवळ एकच माणूस बसवा, नाहीतर दोघं जण एकदम बंद-चालू करत बसतात.

आता गोधड्या. कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर, फ्रेममध्ये न येणाऱ्या खिडकीवर आणि पात्रांच्या पायाखाली जाड गोधड्या किंवा सतरंज्या लावा. पातळ चादर उपयोगाची नाही, तिने फक्त वरचा टोकदार आवाज मरतो.

सावध: गोधडीने बाहेरची लोकल थांबत नाही. गोधडी खोलीतला परतणारा आवाज शोषते, एवढंच. बाहेरचा आवाज अडवायचा तर खिडकी बंद करा, फटींमध्ये कापड कोंबा आणि पात्रं खिडकीपासून लांब बसवा. हा फरक न कळल्यामुळे लोक दहा गोधड्या टांगतात आणि खिडकी उघडी ठेवतात.

शेवटी कपडेपट. कडक स्टार्चची कॉटनची साडी, नायलॉन, काचेच्या बांगड्या, पैंजण, हे सगळं वाजतं. बांगड्या गोष्टीसाठी हव्याच असतील तर एकाआड एक बांगडीमध्ये पारदर्शक टेपचा तुकडा अडकवा, किणकिण बरीच कमी होते. फ्रेममध्ये पाय दिसत नसतील तर सगळ्यांनी चपला काढायच्या, दिग्दर्शकानेसुद्धा.

४. माइक लावणं आणि लेव्हल

बूम वरून, तोंडापासून हातभर अंतरावर आणि छातीच्या दिशेने रोखलेला. अंतर निम्मं केलं तर आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो आणि खोलीची घरघर जागच्या जागी राहते. इतका स्वस्त फायदा दुसऱ्या कशातच नाही. म्हणून प्रत्येक शॉटआधी बूमवाल्याने माइक फ्रेममध्ये दिसेपर्यंत खाली आणायचा आणि कॅमेरामन "दिसला" म्हणाला की चार बोटं वर घ्यायचा. "अंदाजाने वर ठेवलाय" चालणार नाही.

लेपल छातीच्या मधोमध, कापडाला घासणार नाही असा, वायरला एक छोटा वळसा देऊन टेपने बसवलेला. साडीत ब्लाउजच्या काठाला आतून चांगला बसतो, पण पदर त्यावरून सरकता कामा नये. पदर आधी पिन करा, मग माइक लावा. कलाकाराला विचारून लावा. तिला स्वतः लावायचा असेल तर कुठे आणि कसा एवढं सांगून बाहेर थांबा.

लेव्हल तालमीत ठरवायची. टोकाचा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल अशी ठेवा. पण तालमीत नट अर्ध्या आवाजात बोलतात आणि टेकला ओरडतात, हे गृहीत धरा. भांडणाचा सीन असेल तर "टेकला जितकं ओरडणार तितकंच एकदा ओरडून दाखव" असं स्पष्ट सांगा. रेकॉर्डरला सोय असेल तर त्याच माइकचा दुसरा ट्रॅक १० डेसिबल खाली लावून ठेवा.

तपासा: हेडफोन लावून रेकॉर्ड केलेली फाइल परत ऐका. चालू असताना कानात येतं ते आणि कार्डावर उतरतं ते, दोन्ही एकच असेल याची खात्री नसते.

५. टेक: आरोळ्यांचा क्रम

नव्या युनिटमध्ये इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. क्रम असा:

"सायलेन्स." मग "रोल साउंड." रेकॉर्डिस्ट रेकॉर्डरवरचे आकडे पळताना स्वतः बघून म्हणतो, "स्पीड." मग "रोल कॅमेरा," उत्तर "रोलिंग." क्लॅपवाला फ्रेममध्ये पाटी धरून मोठ्याने: "सीन चार, शॉट दोन, टेक तीन." टाळी. पाटी बाहेर, एक क्षण थांबून "अ‍ॅक्शन."

"कट" झाल्यावर रेकॉर्डर लगेच बंद करायचा नाही, पाच सेकंद चालू राहू दे. दिग्दर्शकाने कट घाईने दिला तरी शेवटच्या शब्दाचा श्वास वाचतो.

नेहमीच्या चुका तीन. कॅमेरा चालू व्हायच्या आधीच टाळी वाजवणं. टाळी फ्रेमबाहेर वाजवणं. आणि टाळी हुकल्यावर न सांगता दुसरी मारणं, त्यात एडिटरला दोन टाळ्यांतली खरी कोणती ते कळत नाही. आधी "दुसरी टाळी" असं ओरडून मगच मारा. सुरुवातीला टाळी शक्यच नसेल तर शेवटी पाटी उलटी धरून मारायची.

कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद करू नका. तो आवाज वापरायचा नसतो, पण टाळी हुकली तर जुळवायला तोच आधार. मात्र कॅमेरा फार लांब असेल तर हिशोब ठेवा: आवाजाला १४ मीटर जायला २४ फ्रेमच्या हिशोबाने जवळजवळ एक फ्रेम लागते. गच्चीच्या एका टोकाला नट आणि दुसऱ्या टोकाला कॅमेरा असेल तर त्यावरून जुळवलेला आवाज तेवढा सरकलेलाच असेल.

विमान आलं तर काय? टेक थांबवायचा हक्क रेकॉर्डिस्टचा नाही, पण टेक संपल्यावर "साउंड एनजी" (नॉट गुड, म्हणजे आवाज बिघडला) म्हणायचा हक्क त्याचाच आहे, आणि कारण एका वाक्यात सांगायचं: "तिसऱ्या ओळीवर विमान." मग दिग्दर्शक ठरवेल. अभिनय उत्तम झाला असेल तर फक्त तिसरी ओळ पुन्हा घ्या, सगळा सीन नको.

६. रूम टोन आणि वाइल्ड ट्रॅक: पॅक-अपच्या आधी

प्रत्येक खोलीत एक मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज. सगळं युनिट आहे तिथेच उभं, लाइट चालू, माइक तिथेच, लेव्हल तीच. साठ सेकंद किती लांब असतात हे त्या दिवशी कळतं. चाळिसाव्या सेकंदाला कुणाचं तरी गुडघ्याचं हाड वाजतं, पन्नासाव्याला कुणीतरी हसू दाबतं. पुन्हा घ्या. एडिटरला कटमधली भोकं बुजवायला हेच मिनिट लागतं. "लंचनंतर घेऊ" म्हणालात तर खिडकीबाहेरचा आवाज बदललेला असतो, आणि ज्या सीनसाठी हवा होता त्याला तो बसत नाही.

एनजी झालेल्या ओळी त्याच वेळी, त्याच कपड्यांत, कॅमेऱ्याशिवाय दोन-तीनदा बोलून घ्या, हाच वाइल्ड ट्रॅक. नट अजून त्या मनःस्थितीत असतो. दाराची कडी, स्टीलचा पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज, त्या घराच्या फरशीवरची पावलं, हेही जवळून घेऊन ठेवा. जुन्या चाळीतल्या कडीचा आवाज नंतर शोधायला गेलात तर मिळत नाही.

७. कार्ड, फाइल आणि साउंड रिपोर्ट

प्रत्येक टेकपुढे रिपोर्टमध्ये एक शब्द तरी लिहा: ओके, विमान, कपडा घासला, बूम दिसला. हाताने लिहिलेला कागद चालतो, फोटो काढून एडिटरला पाठवा. फाइलचं नाव सीन-शॉट-टेक या आकड्यांनीच सुरू व्हायला हवं.

कार्ड दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. कॉपी झाली असं कॉम्प्युटर म्हणाला एवढ्यावर विश्वास ठेवू नका; पहिली, मधली आणि शेवटची फाइल उघडून ऐका. मग एक डिस्क दिग्दर्शकाबरोबर, एक दुसऱ्या माणसाबरोबर. दोन्ही एकाच बॅगेत ठेवल्या आणि ती बॅग लोकलच्या रॅकवर राहिली तर दोन कॉपी काढल्याचा उपयोग काय?

तपासा: त्याच रात्री प्रत्येक कार्डातला एक तरी शॉट चित्राशी जुळवून शेवटपर्यंत बघा. सुरुवातीला जुळतोय आणि शेवटी सुटतोय असं दिसलं तर फ्रेम रेटची चूक उद्याच्या शूटिंगआधी सापडली.

८. डबिंग करायचंच झालं तर

इतकं करूनही काही ओळी जातात. तेव्हा दोन ओळींसाठी अख्खा सीन डब करू नका. उलटही तितकंच खरं: एका पात्राची निम्मी वाक्यं डब झाली असतील तर सीनमधली त्याची सगळी वाक्यं डब करा, नाहीतर आवाज दर वाक्याला खोली बदलल्यासारखा वाटतो. कट लॉक (एडिट पक्कं) झाल्यावर शक्य तितक्या लवकर नटाला बोलवा. एडिटपर्यंत तो नाटकाच्या दौऱ्यावर किंवा गावी निघून गेलेला असतो, आणि आवाजाला सर्दी झाली असेल तर वाट बघावी लागते.

स्टुडिओत जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: सेटवरचा मूळ ट्रॅक, त्या खोलीचा रूम टोन आणि शक्य असेल तर सेटवर वापरलेलाच बूम माइक. नटाला प्रत्येक ओळ आधी मूळ ट्रॅकवर तीनदा ऐकवा आणि मगच बोलायला लावा. सेटवर तो पाट्यावर वाटण वाटत बोलला असेल तर स्टुडिओतही त्याला वाकून, दोन्ही हात पुढेमागे करत बोलायला सांगा. उभा राहून बोलला तर दम लागल्याचा तो आवाज येत नाही, आणि माझ्या त्या धाकट्या बहिणीच्या चार ओळी नेमक्या तिथेच गेल्या: सेटवर ती भरलेली कळशी उचलत बोलत होती, स्टुडिओत खुर्चीत बसून.